मेहरूणला ठेवलेली घोडी

मेहरूण, जळगाव
१८ जून १९७२

कु. तानूबाई यांस,
जीवरामचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. तुमच्या आबांना विचारूनच लिहितो आहे. सुपारी फुटली त्या दिवशी आपलं बोलणं झालंच नाही. तुम्ही कपबश्या ठेवून आत गेलात आणि मी माझ्या बुटांकडे बघत बसलो. लग्न फाल्गुनात करायचं असं मोठ्यांनी ठरवलंय. तोपर्यंत आपण एकमेकांना अनोळखीच राहावं हे मला बरं वाटेना.

माझं सांगण्यासारखं फार नाही. इथल्या शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांना गणित शिकवतो. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. घरात मी आणि आई दोघंच. तलावाच्या अलीकडे दोन खोल्या आहेत, मागे मोकळं परस आणि पत्र्याची पडवी. तिथे पूर्वी आमची म्हैस असायची.

मुलगी मॅट्रिक झालेली हवी हा माझा एकच हट्ट होता. त्यापायी आईने तीन वर्षं पायपीट केली. तुमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच आहे असं कळलं. मग तुम्ही मॅट्रिक झालात कशा, हे विचारायचं राहून गेलं.

तुमच्या दारात तीन घोड्या बांधलेल्या पाहिल्या. मलाही घोड्यांची फार आवड आहे.

आपला,
जीवराम


आमळवाडी, ता. शिंदखेडा
५ जुलै १९७२

नमस्कार.

तुमचं नाव लिहावं की लिहू नये ते कळेना, म्हणून नुसता नमस्कार लिहिला.

मी मॅट्रिक झाले ती घोडीमुळे. गंमत करत नाही, तसंच झालं आहे.

आबा लोकांची शिंगरं सांभाळायला घेतात, त्यांना माणसाची आणि लगामाची सवय लावतात. मग मालक ती सारंगखेड्याच्या यात्रेत विकतो. कोवळ्या शिंगराच्या पाठीवर पहिल्यांदा हलकं माणूस बसवावं लागतं. आबा धिप्पाड, मला भाऊ नाही. म्हणून मी चालायला लागले तशी घोड्यावरही बसायला लागले. आबांनी मला लाडाने बसवलं असं नाही, ते काम होतं. मी पोक काढून बसले की म्हणायचे, "घोडीनी पाठ शे, खुर्ची नही. नीट बस."

चौथीनंतर माझ्याबरोबरच्या मुली घरी बसल्या. शिंदखेड्याची शाळा लांब, वाटेत नदी. आईही नको म्हणाली. आबा म्हणाले, घोडी आहे की. पहिलं वर्ष ते बरोबर यायचे, मग मी एकटीच जायचे. सुरुवातीला वाटेवरच्या गावांत लोक ओट्यावर येऊन बघायचे. पुढे त्यांना माझ्यावरून वेळ कळायला लागली. नववीपासून काष्टा घालून निघायचे, शिंदखेड्यात मावशीकडे घोडी बांधायचे, तिथे गोल पातळ नेसून शाळेत. मॅट्रिकला दुसऱ्या वर्गात आले.

शाळेत भूगोल, इतिहास शिकले. बाकीचं घोड्यांकडून आलं असावं. आपल्याला राग आला असेल तर शिंगराला हात लावायचा नाही. त्याला भीती वाटत असेल तर ती आधी जाऊ द्यायची, मग पुढचं. हे आता माझ्या हाडात आहे. आई म्हणते, सासरी याचा काय उपयोग.

पावसाने एकदा तोंड दाखवलं, पुन्हा नाही. तुमच्याकडे काय आहे?

तुम्हाला आवड आहे म्हणता, तर तुम्ही कुठल्या घोड्यावर बसत होतात?

तानू


मेहरूण
२० ऑगस्ट १९७२

कु. तानूबाई यांस,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा आईला वाचून दाखवलं. काष्ट्याचा भाग मात्र गाळला.

इकडेही आभाळ कोरडंच आहे. तलाव अर्ध्यावर आला. वर्गातली मुलं कमी झाली, काही आईबापांबरोबर खडी फोडायला जातात. त्यांच्या रिकाम्या जागा बघत गणित शिकवायला जड जातं.

घोड्यांबद्दल तुम्ही विचारलंत. लहानपणी स्टेशनाबाहेरचे टांगे फार जवळून पाहिले आहेत.

तुमच्या तिन्ही घोड्यांची नावं काय?

जीवराम


आमळवाडी
२६ नोव्हेंबर १९७२

नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. लिहायचं ते चांगलं नव्हतं म्हणून लांबवत गेले.

नावं विचारली होतीत. बिजली, सोनी आणि चिमणी. बिजली आणि सोनी आता नाहीत. कडबा मिळेनासा झाला. दावणीला उपाशी ठेवण्यापेक्षा गेलेल्या बऱ्या असं आबा म्हणाले आणि यात्रेची वाट न बघता दोघींना गुजरातेतल्या व्यापाऱ्याबरोबर पाठवलं. लोकांनी आपली शिंगरंही परत नेली. आबांच्या गोठ्यात एवढी शांतता मी कधी पाहिली नाही.

चिमणी राहिली, कारण ती गाभण आहे. माघाच्या शेवटी व्यायची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मीच ते नाव ठेवलं, आता तिच्या पाठीवर चढायला मला दगड लागतो. शेवटची तीन वर्षं मी तिच्यावरूनच शाळेत गेले. काल दोंडाईच्याकडचा एक वीटभट्टीवाला तिला बघून गेला. गाभण आहे हे सांगितलं तर म्हणाला, विटा वाहायला काय हरकत आहे. आबांनी त्याला पाणी दिलं. नाही म्हणाले नाहीत, हे मला लागलं.

तुमच्याकडे काही मागत नाही. विचारलंत म्हणून लिहिलं.

तानू


मेहरूण
१ डिसेंबर १९७२

कु. तानूबाई यांस,

चिमणीला इकडे आणा. पडवी रिकामी आहे. तलाव आटला तरी काठाला ओल आहे, तिथे हरळी टिकून आहे. बाजारात कोंडा मिळतो. पाऊस पडेपर्यंत राहील.

आबांना संकोच वाटेल म्हणून त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात मीच विनंती केली आहे, तुमचा उल्लेख नाही.

जीवराम


मेहरूण
१९ डिसेंबर १९७२

कु. तानूबाई यांस,

चिमणी पोचली. आबा तिला अमळनेर, धरणगाव करत पायी घेऊन आले. पाय सुजले होते त्यांचे, तिचे नव्हते. आईने आग्रह केला म्हणून जेवले, पण मुलीच्या घरी राहायचं नाही म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत गेले. निघताना घोडीशी काहीतरी बोलले. माझ्याशी फक्त "बरं, येतो" एवढंच.

आईला मी आधी विचारलं नव्हतं. लग्नाआधी सुनेची घोडी दारात, लोक काय म्हणतील, असं ती म्हणाली. दोन दिवस परसात फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच घोडीसमोर पाण्याची बादली ठेवली.

चिमणी मजेत आहे. मी मागून चारा टाकायला गेलो की दोन्ही कान मागे पाडून प्रेमाने बघते.

जीवराम


आमळवाडी
२४ डिसेंबर १९७२

नमस्कार.

हे पत्र मिळताच तिच्या मागून जाणं बंद करा. कान मागे पाडले म्हणजे प्रेम नाही, ती तुम्हाला बजावते आहे. आणखी एकदा तसे गेलात तर लाथ बसेल, आणि चूक तिची नसेल.

तिला दिसाल असे डाव्या खांद्याच्या बाजूने जा. जाताना बोलत जा. काय बोलता याला महत्त्व नाही, पाढे म्हटलेत तरी चालेल. पहिल्यांदा मानेवर हात ठेवा, तोंडावर नको. आधी नुसतं उभं राहा. ती मान खाली घालून मोठा श्वास सोडील, तेव्हा समजा की तुम्ही तिला चालता. पाणी आधी, कोंडा मग. ओला चारा एकदम फार नको, पोट दुखेल. रोज तलावापर्यंत सावकाश चालवून आणा.

एक विचारते. तुम्ही आजवर घोड्याला हात लावला आहे का? खरं लिहा. मला राग येणार नाही.

तानू


मेहरूण
५ जानेवारी १९७३

कु. तानूबाई यांस,

नाही. सात वर्षांचा असताना टांग्याच्या घोड्याने दंडाला चावा घेतला. तेव्हापासून रस्त्यावर घोडा दिसला की मी पलीकडच्या बाजूने जातो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आवड आहे असं लिहून बसलो.

पण कळवायला हरकत नाही की काल तिने श्वास सोडला. मी सतराचा पाढा म्हणत होतो. खांद्यापाशी उभा होतो. तिने मान खाली घातली आणि एवढा मोठा उसासा टाकला की माझा सदरा हलला. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. आई म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

वर्गात एक मुलगा भागाकार आला की रडतो. आजवर मी त्याच्यावर ओरडायचो. परवा त्याच्या शेजारी नुसता बसलो. तुमच्या पत्रातलं वाक्य डोक्यात होतं.

जीवराम


मेहरूण
१९ जानेवारी १९७३

कु. तानूबाई यांस,

हे पत्र लिहिणं मला अवघड जातं आहे.

संक्रांतीला धुळ्याहून पुष्पाबाई मावशी आल्या होत्या. त्यांनी आईला सांगितलं की मुलगी घोड्यावरून पडली होती, आतून मार लागला आहे, तिला मूलबाळ होणार नाही, आणि हे झाकून आपल्याशी सोयरीक केली. आई तेव्हापासून जेवत नाही. तिने मला शपथ घातली की विचारून घे.

तुम्ही पडला होतात का? काही असेल तर कळवा. मी वाईट वाटून घेणार नाही.

जीवराम


आमळवाडी
२४ जानेवारी १९७३

पडले होते. एकदा नाही, कितीतरी वेळा. घोड्यावर बसणारं माणूस पडतंच. मोठं लागलं ते नववीत असताना. एका शिंगराने उधळून मला बांधावर टाकलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी हात बांधून ठेवला होता. हाड सांधलं, पण तिथे गाठ राहिली आहे, पदराखाली दिसत नाही. पोटाला काही लागलं नाही. हात सुटला त्या दिवशी मी त्याच शिंगरावर बसले, नाहीतर त्याला वाटलं असतं की माणसाला पाडणं हाच नेम आहे.

झाकलं कोणी नाही. तुमच्याकडच्यांनी माझी उंची विचारली, रंग बघितला, स्वयंपाकाचं विचारलं. हाडाचं कोणी विचारलं नाही.

मूल होईल की नाही ते मला माहीत नाही. तुम्हालाही तुमच्याबद्दल माहीत नसेल.

तुम्हाला मॅट्रिक झालेली मुलगी हवी होती. ती घोडीवर बसली म्हणून मॅट्रिक झाली. एक हवं आणि दुसरं नको असं होत नाही. आईंचं मन होत नसेल तर सोयरीक मोडल्याचं आबांना सरळ कळवा. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. चिमणी इतकी जडावली आहे की आता तिला चालवत आणता येणार नाही. ती व्याली की आबा न्यायला येतील. तोपर्यंतचे तिचे हाल करू नका, एवढंच.

तानू


आमळवाडी
१४ फेब्रुवारी १९७३

तुमचं उत्तर आलं नाही. ते तुमच्याकडे. हे पत्र घोडीसाठी आहे.

तिचे दिवस भरत आले. सडांच्या टोकांना मेणासारखं दिसू लागलं की एक-दोन दिवसांत व्याते. पडवी झाडून कोरडं पाचट पसरा. गर्दी नको. घोडी गायी-म्हशींसारखी वेळ लावत नाही. पाण्याची पिशवी फुटली की घटकाभरात शिंगरू बाहेर यायला हवं, डॉक्टरला बोलवायला जाण्याइतका वेळ नसतो.

आधी पुढचे दोन पाय येतात, एक थोडा पुढे, एक मागे, आणि त्यांवर नाक. असं दिसलं तर हात लावू नका. एकच पाय आणि नाक दिसलं तर दुसरा पाय गुडघ्यात दुमडून आत राहिला आहे असं समजा. मग ओढायचं नाही. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन तेल लावायचं. कळ ओसरली की शिंगराला हलकेच मागे ढकलायचं, आत जागा होते. दुमडलेल्या पायाचा खूर मुठीत घट्ट झाकून धरायचा, म्हणजे आतून फाटत नाही, आणि पुढे आणायचा. मी हे आबांबरोबर दोनदा केलं आहे, माझा हात लहान म्हणून.

तुमचा हात मोठा आहे. दुसरं कोणी असेल तर बघा.

तानू


मेहरूण
२५ फेब्रुवारी १९७३

तानू,

चिमणी काल व्याली. शिंगरी आहे, काळसर तांबडी, कपाळावर ठिपका. दोघी ठीक आहेत. आधी हे लिहिलं, कारण तू आधी हेच शोधशील.

काल शनिवार, सकाळची शाळा. मी निघालो होतो, तेवढ्यात आईने परसातून हाक मारली. पिशवी फुटली होती. एक खूर दिसला, मग नाक. दुसरा पाय येईना. डॉक्टर गुरांच्या छावणीवर गेलेले. मी तुझं पत्र आणलं. हात धुतले, तेल लावलं आणि चिमणीजवळ गेलो, तर माझा रुंद पंजा आत जाईना, चिमणीने मान वळवून पाहिलं.

आईने मला बाजूला केलं. बांगड्या वडील गेल्यापासून नाहीतच तिच्या हातात. पदर खोचला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाच. पुढे काय लिखेल शे?"

मी वाचत गेलो. कळ ओसरू द्यायची. मागे ढकलायचं. ती डोळे मिटून बसली होती, खांद्यापर्यंत हात आत. म्हणाली, गुडघा लागतो, खूर लागत नाही. मी तुझं वाक्य पुन्हा वाचलं. "खूर मुठीत घट्ट झाकून धरायचा." मग म्हणाली, धरला. आणि थोड्या वेळाने दोन्ही पाय बाहेर आले. शिंगरी एका कळेत पाचटावर येऊन पडली. आई तिथेच मातीत बसली. मी शाळेत गेलो नाही.

तुझ्या जानेवारीच्या पत्राला मी दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्ही फाडली. आईचा शब्द मोडवेना आणि तुझ्यापुढे खाली मान घालवेना. तू उत्तराची वाट बघत राहिलीस आणि मी गप्प बसलो, हे खरं आहे. माझं म्हणणं आता सांगतो: मला तूच हवी आहेस. आईला मी हे काल रात्री जेवताना सांगितलं. ती भाकरी मोडत राहिली. आज सकाळी म्हणाली, मला तिला पत्र घालायचंय, तू लिही. सोबत जोडलं आहे. त्यातला एक शब्दही माझा नाही.

जीवराम


(सोबतचं पत्र)

चि. तानूस ताईबाईचा आशीर्वाद.

जीवरामला सांगते आहे, तो लिहितो. मला लिहायला येत नाही.

मी तुझ्याबद्दल विचारायला लावलं. पुष्पी माझी बहीण आहे, खोटं बोलली असेल असं मनात आलं नाही. आणि मला भीती होती. आता भीती कसली ते सांगते. मला चार झाली. पहिली मुलगी वर्षाची होऊन गेली, मग दोन मुलगे पाळण्यातच गेले. चौथा हा. माझ्या लग्नात मला मूल होईल का असं कोणी विचारलं नव्हतं. होणारच, असंच धरलं होतं. झालीही. त्याने काय झालं? राहिला एक.

काल त्या शिंगरीचा खूर माझ्या मुठीत आला तेव्हा मला हे सगळं आठवलं. मऊ होता, ओल्या साबणासारखा. मनात आलं, आपण कोणाला काय विचारत बसलो.

तुझ्या घरात पोर झालं तर झालं. नाही झालं तर मी तुला कधी बोलणार नाही. हे जीवरामसमोर बोलते आहे, म्हणजे त्यालाही लक्षात राहील.

दुसरं. चिमणी आता इथेच राहील, तू आलीस की तुझी तू बघ. मला तिची सवय झाली आहे, सकाळी दार उघडलं की खिंकाळते. शिंगरी दूध सुटलं की तुझ्या आबांना पाठवायची. मुलीच्या बापाकडे काही पाठवायची आमच्यात रीत नाही. पण ते जेवून उठले तेव्हा पडवीत जाऊन घोडीच्या मानेवर कपाळ टेकून उभे होते. मी खिडकीतून पाहिलं. तेव्हाच समजायला हवं होतं, सोयरीक कसल्या माणसाशी केली ते.

फाल्गुनात दुष्काळामुळे वाजंत्री नको, पंगत नको. मंदिरात हार घालू. तू ये.

ताईबाई


आमळवाडी
४ मार्च १९७३

ती. आईंना तानूचा नमस्कार. हे पत्र तुमच्यासाठी आहे, यांनी वाचून दाखवावं.

शिंगरीच्या अंगावरून रोज हात फिरवा. कान, पोट, चारी पाय. पाय उचलून थोडा वेळ धरा आणि तिने ओढायच्या आधी सोडा. पुढे खुरांना नाल मारताना ती घाबरणार नाही. हे आताच होतं, मोठी झाल्यावर फार कष्ट पडतात.

तुम्ही लिहिलेलं मिळालं. मी ते एकटीनेच वाचलं. माझ्या आईला त्यातलं एवढंच सांगितलं की तुम्ही मला बोलावलं आहे. ती डोळे पुसत म्हणाली, स्वयंपाक नीट शिकून घे आता. तेवढा वेळ उरलेला नाही, तुम्हालाच सांभाळून घ्यावं लागेल. माझ्या पोळ्या जाड होतात.

आबा दिवसभर दुष्काळी कामावर मुकादमाचं काम करतात. घरी आले की गोठ्याकडे पाठ करून ओट्यावर बसतात. परवा संध्याकाळी मी त्यांना शिंगरीबद्दलचा भाग वाचून दाखवला. त्यांच्या कपाळ टेकण्याचं वाचलं नाही. ते ऐकत होते की नाही तेही कळलं नाही. मग उठले, कंदील घेतला आणि गोठ्यात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. गव्हाणीत कोंबड्यांनी घर केलं होतं, त्या हाकलून आबा तळाची माती खरवडत होते. निखळलेली एक फळी काढून बाजूला ठेवली होती, नवी बसवण्यासाठी.

मी म्हटलं, "आबा, ती यायला दिवाळी उजाडेल. आणि आधी पाऊस पडायला हवा."

"मंग काय झायं?" म्हणाले, आणि मला कंदील धरायला सांगितला.

तुमची,
तानू